परभाषेतील घर : फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा पुनर्विचार

परदेशात आयुष्य घालविणाऱ्या धर्मोपदेशकाला आपले 'घर' कोठे गवसते, हा प्रश्न सामान्यतः चरित्रकाराचा मानला जातो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या बाबतीत तो साहित्यसमीक्षेचाही प्रश्न ठरतो. त्यांची खाजगी पत्रे फार थोडी उपलब्ध आहेत. त्यांच्या चाळीस वर्षांच्या गोव्यातील वास्तव्याचा खरा पुरावा म्हणजे १६१६ मध्ये राचोल येथे प्रथम मुद्रित झालेले 'क्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध काव्यच होय.

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेले स्टीफन्स ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. त्या पत्रात सागरी प्रवासाचे तपशीलवार वर्णन आहे. तेथे भारत हा अद्याप गंतव्य प्रदेश आहे. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात मात्र ते येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद करतात. या दोन पत्रांमधील अंतर महत्त्वाचे आहे. प्रवासी आता श्रोता झाला आहे. दरम्यान परतीची वाटही बंद होत होती. १५८५ च्या कायद्याने जेझुइट धर्मगुरूचे इंग्लंडमधील वास्तव्य हा राजद्रोह ठरला. १६१९ मध्ये गोव्यात निधन होईपर्यंत स्टीफन्स मायदेशी परतले नाहीत.

'क्रिस्तपुराणा'तील मराठीच्या स्तुतिपर ओव्या अभ्यासक्रमांतून सर्वपरिचित आहेत. त्यांचा उल्लेख बहुधा भाषाभिमानाच्या संदर्भात केला जातो. तथापि त्यातील उपमानांकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. मोगरी, कस्तुरी, मोर, कल्पतरू ही सारी उपमाने येथील काव्यपरंपरेतून आलेली आहेत. कवीच्या बालपणीचा निसर्ग त्यात शोधूनही सापडत नाही. परक्याने केलेली स्तुती सहसा तुलनेवर उभी असते. येथे तुलनेसाठी मायदेश हाताशी घेतलेलाच नाही. मंगलाचरणाची रीत, 'अवस्वरू' अशी प्रकरणांची योजना आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' ही संज्ञा यांतूनही हीच वृत्ती प्रकट होते.

ही आत्मीयता केवळ पांडित्याची नाही. शुद्ध मराठी सामान्य लोकांना समजणार नाही, म्हणून तिच्यात कोकणी शब्दांची मिसळ केल्याचे स्टीफन्स यांनी गद्य प्रस्तावनेत सांगितले आहे. ग्रंथभाषा आणि बोली यांतील अंतर ओळखणे हे त्या समाजात मुरलेल्या माणसालाच शक्य असते. त्याचबरोबर पवित्र आत्म्यासाठी ते 'स्पिरितु सांतु' हाच शब्द कायम ठेवतात. या घराचा एक उंबरठा त्यांनी जाणीवपूर्वक राखलेला आहे.

तथापि हे घर मोकळ्या जागेवर उभे राहिले नव्हते, हे सांगितल्याखेरीज मूल्यमापन पूर्ण होत नाही. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, तो संघर्ष याच भूमीतला. विशेष म्हणजे ही पार्श्वभूमी काव्याने पूर्णतः झाकलेली नाही. आरंभीच्या भागात एक ब्राह्मण उभा राहून, जुनी पुराणे वर्ज्य झाल्यावर आम्ही वाचावे तरी काय, अशा आशयाचा प्रश्न विचारतो. हा प्रश्न म्हणजेच ग्रंथाच्या निर्मितीचे कारण म्हणून मांडलेला आहे. ज्यांच्या भाषेत पाहुण्याला घर मिळाले, त्यांचेच वाङ्मयीन घर रिकामे करण्यात आले होते, याची ही कबुली होय. मग ती कवीला अभिप्रेत असो वा नसो. म्हणून 'क्रिस्तपुराणा'ला केवळ भाषाप्रेमाचे काव्य म्हणणे जितके अपुरे, तितकेच त्याला केवळ धर्मप्रचाराचे साधन म्हणणेही अपुरे आहे.

पुढील इतिहासाने या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषांऐवजी पोर्तुगीज वापरण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स येथे आले, तीच आता त्यांच्या भाषिक घरावर उठली. मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. काव्य टिकले ते हस्तलिखितांतून आणि गायनातून. विशेषतः गोव्यातून स्थलांतर करून मंगळूर परिसरात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या समाजाला श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात नेले, तरीही ही परंपरा नष्ट झाली नाही. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथूनच रोमन लिपीत त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मधली.

एका परदेशस्थाने परक्या भाषेत उभारलेले घर पुढे स्वतःच घर सोडाव्या लागलेल्या लोकांच्या उपयोगी पडले. धर्मोपदेशकाचे घर त्याच्या समाधानाने सिद्ध होत नाही. यजमानांच्या पुढील पिढ्या त्यात राहू शकल्या का, यावर ते सिद्ध होते. या निकषावर 'क्रिस्तपुराण' खरे उतरते. मात्र या घराखाली पाडलेल्या देवळांची आणि वर्ज्य केलेल्या पोथ्यांची जमीन आहे, याचे भान वाचकाने व अध्यापकाने ठेवणे अगत्याचे आहे. मराठीच्या गौरवाच्या ओव्या शिकविताना त्या ब्राह्मणाचा प्रश्नही सोबत शिकविला गेला, तरच या काव्याला न्याय मिळेल.