मोळीवाली, जो आणि कणबर्गी गंग्या

मोठे होण्याच्या गोष्टींत नायक एकच असतो, पण पुस्तक वाचून वर्षे लोटली की आठवतात ती भलतीच माणसे. ‘श्यामची आई’च्या बेचाळीस रात्रींमधून माझ्या मनात राहिली ती ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणातली महार म्हातारी. तिची लाकडांची मोळी खाली पडली आहे आणि विटाळाच्या धाकाने कुणी हात लावायला तयार नाही. आई श्यामला म्हणते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि घरी येऊन आंघोळ कर.

ही आंघोळ मला बोचते, आणि तीच खरीही वाटते. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, तेव्हा आईला तिच्या काळाबाहेर नेऊन बसवण्याचा मोह त्यांनी टाळला. पण गोष्टीचा सगळा रोख माय-लेकांवर आहे. म्हातारी येते ती श्यामला घडवण्यापुरती. पुढे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. पुस्तकात मोळी उचलून देऊन जे उरले होते, ते त्यांनी जगण्यात पुरे करू पाहिले, असे मला वाटते.

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला जो हा लोहार वेगळ्या जातीचे पात्र आहे. पिप लंडनला जाऊन साहेब होतो. जो त्याला भेटायला येतो, तेव्हा त्याची टोपी फळीवरून पुन्हा पुन्हा घसरते आणि पिपला त्याची लाज वाटते. इथे दुय्यम पात्र नायकाला धडा देत नाही, नायकाचा कोतेपणा उघडा पाडते. पुढे पिप आजारी पडतो, जो त्याची शुश्रूषा करतो, त्याचे कर्ज फेडतो आणि पहाटे न सांगता निघून जातो. त्याला घर आहे, भट्टी आहे. पिप पाहत नसतानाही जोचे आयुष्य चालू असते.

दुय्यम पात्राची माझी कसोटी हीच आहे: नायकाची पाठ वळल्यावर त्याला काही काम उरते का?

प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’पासून सुरू होणाऱ्या लंपनच्या कथा या कसोटीला पुरेपूर उतरतात. कणबर्गी गंग्या, एसक्या, जंब्या कटकोळ ही पोरे लंपनला शहाणे करायला येत नाहीत. त्यांचे आपापले उद्योग आहेत, लंपन मध्येच त्यांच्यात जाऊन मिसळतो. त्या सीमाभागाचे कानडी वळण त्याच्या मराठीत अशा संगतीतूनच उतरते. इथे सोबत्याने नायकाला भाषा दिली आहे, उपदेश दिलेला नाही.

हे मला जास्त भिडते, कारण मी भिलाईत वाढले. 1959 मध्ये इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि देशभरातून माणसे आली. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही घरात मराठी बोलायचो, शाळेत हिंदी आणि अंगणात छत्तीसगढी. ती छत्तीसगढी आम्हाला कुणी शिकवली नाही. भाजी घेऊन येणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांकडून ती आमच्या तोंडात आली. पोलाद कारखान्यासाठी इथली गावे उठली. त्या गावांच्या भाषेतले शब्द आमच्या मराठीत अजून आहेत.

आता इथली मराठी माणसे आपल्या बालपणाविषयी लिहू लागली आहेत. त्या लेखनात आई-वडील येतात, गणेशोत्सव येतो, कारखान्याचा भोंगा येतो. भाजीवाली आली तर बहुधा मोळीवालीसारखी येते: आईचे मन किती मोठे, हे दाखवण्यापुरती. तिला चांगले वागवले, एवढ्यावर आपण समाधान मानतो.

आमच्या गल्लीतून टोपली रिकामी करून ती कुठे जात होती, हे ज्याला लिहिता येईल, त्याच्या हातून भिलाईचा लंपन उभा राहील. त्यासाठी आधी तिचे नाव आठवावे लागेल.