विझ, द
अमेरिकन संगीत नाटक. एल्. फ्रँक बॉमच्या (१८५६–१९१९) द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ (१९००) ह्या बालकथेचे विल्यम एफ्. ब्राउनने केलेले हे रूपांतर जानेवारी १९७५ मध्ये ब्रॉडवेवर आले. संगीत मुख्यतः चार्ली स्मॉल्सचे. दिग्दर्शन व वेशभूषा जेफ्री होल्डरची. सर्व कलावंत कृष्णवर्णीय होते. संहितेची वीण सैल असून तिच्यातील विनोद बराचसा तत्कालीन आहे. तथापि गॉस्पेल व सोल ह्या संगीतप्रकारांमुळे कथेला नवा अर्थ लाभला. चेटकिणीच्या जाचातून सुटलेल्यांचे समूहगीत गुलामगिरीच्या अंताचे स्मरण देते. डॉरथीची घराची ओढ आत्मशोध ठरते. त्यास सात टोनी पारितोषिके मिळाली. १९७८ च्या चित्रपटात मात्र डॉरथीला प्रौढ शिक्षिका केल्याने मुलीच्या त्या आत्मशोधाची निरागसता उणावली.