तम आणि काळोख

दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृत दार्शनिक छायेचे शब्द टाळण्याचा त्यांचा आग्रह होता. त्याचे मोल हिब्रू शास्त्रातील अलौकिक अंधारापाशी कळते. ‘निर्गम’च्या दहाव्या अध्यायात मिसरावर तीन दिवस पसरणारा, स्पर्शाला जाणवणारा ‘होशेख’ हा दंड आहे. विसाव्या अध्यायात मोशे ज्या ‘अराफेल’जवळ जातो, तेथे साक्षात देव आहे. हा अंधार देवाचा प्रतिपक्ष नव्हे. ‘तम’ म्हणताच मात्र अज्ञान व तमोगुण सूचित होतात आणि देवाचे तेथे असणे विसंगत वाटते. ‘काळोख’ या साध्या शब्दाला असा पूर्वग्रह नाही. तो दंडही होतो, देवाचे आवरणही. येथे साधेपणा हा केवळ सुबोधतेचा प्रश्न राहत नाही, तो अर्थनिर्णय ठरतो.