आठवणीचं रसायन आणि आठवणीचा अर्थ

आज एरिक कँडेल यांच्या ‘इन सर्च ऑफ मेमरी’ या २००६ सालच्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. वैद्यकाचं २०००चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले ते एक. पुस्तकातलं विज्ञान मला पटतं. त्यावरून आपण काय निष्कर्ष काढतो, ते मात्र तपासायला हवं.

आधी विज्ञान बघा. कँडेल यांनी अप्लिसिया या समुद्री गोगलगायीवर काम केलं. दोन चेतापेशींच्या सांध्यावर सेरोटोनिन एकदा सोडलं, तर सांधा काही मिनिटंच बळकट राहतो. तेच थांबून थांबून पाच वेळा सोडलं, तर निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं बनतात, नवे सांधे फुटतात. म्हणजे सेरोटोनिन स्वतः काही शिकवत नाही. ‘हे जपून ठेव’ एवढंच सांगतं.

आता आपल्या लातूरकडे या. ‘लातूर पॅटर्न’चा कणा म्हणजे सराव, प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवणं. अंतर ठेवून केलेल्या उजळणीला या प्रयोगांचं बळ आहे, हे मान्य करू. एका रात्रीच्या घोकंपट्टीला ते नाही. आणि धाकाचं काय? भीतीच्या क्षणी नॉरएड्रेनालिन वाढतं, तेही आठवण घट्ट करतं. पण कुठली? गणिताचं सूत्र विसरलेल्या माणसालाही वर्गात झालेला अपमान जन्मभर आठवतो.

इथं पुस्तक अपुरं पडतं. कँडेल सुरुवातीलाच १९३८च्या व्हिएन्नाची आठवण सांगतात. नववा वाढदिवस, खेळण्यातली गाडी, आणि दोनच दिवसांनी दारावर नाझी पोलिसांची थाप. ही आठवण का टिकली, ते रसायन सांगेल. तो अन्याय होता, हे रसायन सांगणार नाही. गोगलगायीपासून त्या मुलापर्यंतचा पूल पुस्तकात मला अर्धाच दिसतो.

‘डोपामिन वाढवा, अभ्यास होईल’ म्हणणाऱ्यांचीही हीच अडचण आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं, की डोपामिनच्या पेशी चेततात त्या अपेक्षेपेक्षा जास्त मिळाल्यावर. आधीच ठाऊक असलेलं बक्षीस हाती आलं तर त्या फारशा हलत नाहीत. पण पोरानं अपेक्षा कशाची ठेवायची? नुसत्या मार्कांची, की समजण्याच्या आनंदाची? ते डोपामिन ठरवत नाही. ते घर ठरवतं, शाळा ठरवते, तुम्ही-आम्ही ठरवतो. ती जबाबदारी मेंदूवर ढकलता येणार नाही. पुस्तक जरूर वाचा, पण हा प्रश्न सोबत ठेवून वाचा.