दृश्य प्रकाश आणि पाण्याचे विघटन : एका वाक्यरचनेची चिकित्सा

‘प्रकाशाने पाण्यापासून हायड्रोजन मिळविला’ ही रचना विज्ञानविषयक मराठी लेखनात आढळते. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या ती पुरी आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

राहुरीच्या ऊसपट्ट्यात उसातून रस निघतो आणि रसापासून गूळ होतो. रस उसात असतोच. गूळ मात्र घडवावा लागतो व त्यासाठी गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडे जळतात. ‘पासून’ या शब्दामागे येथे रूपांतर आहे, आणि रूपांतरामागे जळणाचा हिशेब. पाण्याच्या विघटनात हा हिशेब दर मोलास सुमारे २३७ किलोज्यूल आहे. तो प्रकाशाने फेडावा, ही या संशोधनाची प्रतिज्ञा होय.

१९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडविल्याचे प्रसिद्ध केले. या अर्धसंवाहकाच्या ऊर्जापट्टांतील अंतर ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वा किंचित अधिक असल्यामुळे त्यास मुख्यतः जंबुपार किरणच उपयोगी पडतात, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा अल्प असतो. दृश्य प्रकाश वापरावयाचा तर अंतर कमी हवे; तथापि ते १.२३ हून पुरेसे अधिक असले पाहिजे. कॅडमियम सल्फाइडचे अंतर २.४ म्हणजे सोयीचे. परंतु प्रकाशामुळे त्यात निर्माण होणाऱ्या धन पोकळ्या पाण्याऐवजी सल्फाइडचेच ऑक्सिडीकरण करतात व पदार्थ झिजतो. जो स्वतःच खर्ची पडतो, त्यास ‘उत्प्रेरक’ म्हणणे व्याख्येशी विसंगत होय.

ही झीज रोखण्यासाठी पाण्यात सल्फाइड वा सल्फाइट मिसळतात. पोकळ्या त्यांवर खर्च होतात. हायड्रोजन मिळतो, पण ऑक्सिजन निघत नाही. अशा वेळी ‘पाण्यापासून’ हे खरे ठरले, तरी ‘प्रकाशाने’ ही तृतीया अर्धसत्य ठरते. कारण खर्चाचा वाटा मिसळलेल्या द्रव्यानेही उचललेला असतो.

या दृष्टीने पुण्याच्या सी-मेट संस्थेतील भारत काळे व त्यांचे सहकारी यांचे २००६ मधील कार्य उल्लेखनीय आहे. कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या त्यांच्या सूक्ष्मरचनेस झेंडूचे नाव मिळाले. ते रूपक केवळ आकारापुरते असल्याने कोणाची दिशाभूल करीत नाही. तेथे दृश्य प्रकाशात विघटन झाले ते हायड्रोजन सल्फाइडचे. त्यास दर मोलास सुमारे ३३ किलोज्यूलच लागतात. त्या कार्यास ‘जलविघटन’ म्हटल्यास त्याचा गौरव होत नाही, विपर्यास होतो. उलट, २०२१ साली जपानमध्ये १०० चौरस मीटर फलकांवर पाण्याचेच विघटन साधले, परंतु ते जंबुपार किरणांच्या बळावर, आणि सौरऊर्जेचा जेमतेम ०.७६ टक्का हायड्रोजनात उतरला.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन, आणि तो आज बहुतांशी नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून येतो. म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्यासही या वाक्याचा अर्थ नेमका कळला पाहिजे. ‘कशापासून’ व ‘कशाने’ यांच्या जोडीस ‘कशाच्या खर्चाने’ हे तिसरे पद मराठी शास्त्रीय गद्याने अनिवार्य मानावे. ते गाळणारे वाक्य सुबोध असेल. शास्त्रीय असणार नाही.