हाल्लेचें छात्रालय आणि तंजावरचीं छत्रें

तंजावरच्या लहान किल्ल्यांतील ख्रिस्ती मंदिरांत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानें कोरलेला एक संगमरवरी शिलापट आहे. मृत्युशय्येवर पडलेल्या रेव्हरंड श्वार्ट्झ यांचा हात सरफोजी महाराजांनीं हातीं घेतला आहे, असा त्यांतील देखावा. हें स्मारक खुद्द महाराजांनींच करविलें; तेव्हां गुरुशिष्यसंबंधाविषयीं वाद उरत नाहीं. वाद आहे तो त्यावरून निघणाऱ्या अनुमानाविषयीं. श्वार्ट्झ हाल्ले येथें शिकलेले, हाल्लेची शिक्षणपद्धति सर्व युरोपांत गाजलेली, आणि महाराज श्वार्ट्झ यांचे शिष्य; सबब ग्रंथसंग्रहापासून छत्रांतील पोरक्या मुलांच्या शाळेपर्यंत तंजावरास जें जें झालें तें हाल्लेचेंच, अशी सांखळी लावण्याचा मोह अभ्यासकास सहज होतो. आम्हांसही तो झाला होता. परंतु कडी कडी तपासूं लागल्यावर एक कडी पक्की निघाली व दुसरी हातांत आली.

प्रथम हाल्लेविषयीं. ऑगस्ट हेर्मान फ्रांके यांनीं इ. स. १६९५ त तेथें गरीब मुलांकरितां शाळा काढली व १६९८ त अनाथगृहाच्या मोठ्या इमारतीचा पाया घातला. पुढें लॅटिन शाळा, थोर कुळांतील मुलांचें छात्रालय, औषधालय, छापखाना आणि पदार्थसंग्रहालय मिळून तेथें एक नगरच वसलें. छात्रालयांतील मुलें लांकूड कांतीत, भिंगें घांशीत, वनस्पति ओळखीत. कारागिरांचीं कामें पाहण्यास त्यांस नेत. वस्तु डोळ्यांनीं पाहावी, हातानें हाताळावी, तिची नांवनिशी लावावी आणि मग तिजविषयीं बोलावें, हा त्या पद्धतीचा विशेष. तेथील संग्रहालय, १७४१ च्या सुमारास मांडलेल्या चित्रित कपाटांसह, आजही पाहावयास मिळतें. पण या कांतकामाची दुसरी बाजू तिचे स्तुतिपाठक सांगत नाहींत. मुलांस खेळ वर्ज्य होता. कांतकाम व भिंगें हीं खेळाच्या जागीं दिलेलीं होतीं. मुलाची स्वतंत्र इच्छा मोडल्यावांचून त्याच्या ठायीं धर्म रुजत नाहीं, हें फ्रांके यांचें निश्चित मत. त्यामुळें दिवसाची प्रत्येक घटका देखरेखीखालीं जाई. शरीर, बुद्धि व आत्मा या तिहींचें शिक्षण एकत्र देणारी म्हणून या शाळेची कीर्ति आहे, व ती अगदींच निराधार नाहीं. तथापि खेळ काढून घेऊन उरलेल्यास सर्वांगीण म्हणणें आम्हांस जड जातें.

महाराज स्वतः अशा छात्रालयांत कधींच राहिले नाहींत. १७८७ त तुळजाजी राजे वारले, अमरसिंगाच्या अमदानींत दत्तक कुमाराचे हाल झाले, आणि १७९३ त त्यांस मद्रासेस हलविल्यावर गेरिके पाद्री यांच्या नजरेखालीं त्यांचें शिक्षण झालें. छात्रालयांत खरोखर शिकला तो श्वार्ट्झ यांचा दुसरा शिष्य, वेदनायकम् शास्त्री (१७७४–१८६४). श्वार्ट्झ यांनीं त्यास बालपणीं तंजावरास आणून वाढविलें व पुढें तरंगंबाडीच्या मिशन विद्यालयांत पाठविलें. या शास्त्र्यानें तमिळांत ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. महाराजांच्या नांवावर मराठींत ‘देवेंद्र कोरवंजी’ आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीचें नाटक. देशोदेशींचें वर्णन करणें हा तिचा जुना हक्कच. या दोघां गुरुबंधूंनीं त्या हक्काचा फायदा घेऊन तिच्या तोंडीं पृथ्वीच्या गोलाचें नवें भूवर्णन घातलें. एक ख्रिस्ती, एक हिंदु. एकाच्या नाटकाचा नायक येशू, दुसऱ्याचा देवेंद्र. भूगोल मात्र दोघांचा एकाच पाठशाळेंतला. ही आमच्या मतें पक्की कडी. १८०५ च्या सुमारास वाड्यांत निघालेला देवनागरी छापखाना व त्यांत छापलेली इसापाच्या गोष्टींची ‘बालबोध मुक्तावली’ (१८०६) हीं याच ओघांतलीं. सरस्वती महालाची गोष्ट निराळी. त्यांतील पोथ्यांचा पाया नायक राजांच्या वेळचा आहे. त्यास हाल्लेची जरूर नव्हती.

आतां निसटणारी कडी. १८०१ त महाराजांनीं रेसिडेंटास छत्रांविषयीं एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा : प्रत्येक छत्रांत चारी वेदांचे अध्यापक, एक पंतोजी व वैद्य असतात, परस्थांचीं पोरकीं मुलें पंतोजीच्या हवालीं करतात, त्यांस दिवसांतून तीन वेळां अन्न, चार दिवसांनीं एकदां तैलाभ्यंग, दुखण्यांत औषध व अंगावर वस्त्र मिळतें, ज्या विद्येची आवड दाखवितील ती शिकवितात, आणि ती पुरी झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्रच सोसतें. अनाथगृह, औषध, अन्न, विद्या, सर्व एका छपराखालीं! हाल्लेची आठवण येणें साहजिक आहे. परंतु पत्र नीट वाचावें. ही रीत महाराज आपल्या पूर्वजांची म्हणून सांगतात, गुरूची म्हणून नव्हे. अभ्यंग व लग्नाचा खर्च हे घरच्या वडीलधाऱ्याचे विचार आहेत. आणि मुख्य म्हणजे ‘ज्या विद्येची आवड’ हे शब्द. मुलाची इच्छा मोडून शिकविणाऱ्या परंपरेंत, मुलाची इच्छा विचारून शिकविण्याचें बीज शोधणें व्यर्थ होय.

तथापि हें पत्र म्हणजे अर्ज आहे हें विसरून चालणार नाहीं. १७९९ च्या तहानें मुलूख कंपनीकडे गेला होता, आणि छत्रें तरी आपल्या हातीं राहावीं म्हणून महाराज लिहीत होते. अर्जदार आपल्या संस्थेचें वर्णन उजळ करूनच लिहितो. म्हणून हाल्लेच्या अभिमान्यांस जो प्रश्न आम्हीं विचारला तोच येथेंही विचारला पाहिजे : मुलांच्या पानांत खरोखर काय पडत होतें? याचें उत्तर पत्रांत नाहीं, मोडी दफ्तरांत आहे. तंजावरी छत्रांचे रोजखर्च ज्यांच्या पाहण्यांत असतील त्यांनीं पंतोजीचें वेतन, वस्त्रांची खरेदी आणि विशेषतः तेलाची बाब तेवढी ताडून पाहावी. चौथ्या दिवसाचें तेल हिशेबांत उतरलें असेल, तर पत्रांतील बाकीच्या मजकुरावर विश्वास ठेवण्यास आमची हरकत नाहीं.