दोषांची वही आणि जिन्यातली चर्चा

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत पहारेकऱ्याच्या खोलीत एक तक्रारवही दोरीने बांधून ठेवलेली असते. ‘ब विंग, तिसरा मजला, पाणी येत नाही’ असे कोणी तरी तीत लिहितो. पंप का बंद पडला, प्लंबरने काय सांगितले, नवा व्हॉल्व्ह का बसवायचा नाही, ही सारी चर्चा मात्र जिन्यात होते. चार महिन्यांनी वही उघडली, तर नोंदीसमोर एकच शब्द असतो : ‘झाले’. काय झाले ते जिन्यालाच ठाऊक!

मुक्तस्रोत आज्ञावल्या, म्हणजे ज्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व बदलता येतो अशा संगणक आज्ञावल्या, तयार करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न तीसेक वर्षे उभा आहे. त्यांच्याकडे वही आहे, तिला ते बग ट्रॅकर म्हणतात. बग म्हणजे आज्ञावलीतील दोष. त्यांच्याकडे जिनाही आहे. तो म्हणजे मेलिंग लिस्ट : एका पत्त्यावर ई-मेलने पाठवलेले पत्र सर्व सभासदांना पोचवणारी व्यवस्था. या दोहोंना जोडण्याचे जे प्रयत्न झाले, ते सगळे सारख्याच योग्यतेचे आहेत असे आम्हाला वाटत नाही.

आधी मराठीतलेच उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात दुसऱ्या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्यापुढे हलन्त द्यायचा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह द्यायचे. एखाद्या आज्ञावलीने हे अदृश्य चिन्ह गाळले, की भूगोलाच्या धड्यात सह्याद्रीच्या कुशीत दर्या अवतरतो. समजा, एखाद्या शिक्षकाने याची तक्रार नोंदवली. दुरुस्ती करणाऱ्याला मराठी येत नाही. अदृश्य चिन्हे काढून टाकणे हे त्याला स्वच्छतेचे काम वाटते. मग मेलिंग लिस्टवर पत्रांची देवघेव होते, कोणी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक समजावून सांगतो, गुरू आणि स्वयंपाकी वेगळे होतात, प्रश्न मिटतो. वहीत मात्र ‘दुरुस्त’ एवढेच. दोन वर्षांनी आलेला नवा माणूस ती नोंद वाचतो, त्याला काहीच बोध होत नाही, आणि तो पुन्हा ‘स्वच्छता’ करतो.

डेबियन या मुक्तस्रोत संगणक प्रणालीसाठी इयान जॅक्सन यांनी १९९४ मध्ये जी दोषवही तयार केली, तिच्यात या अडचणीवरचा उपाय फार साधा आहे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक हाच तिचा ई-मेल पत्ता होतो. त्या पत्त्यावर लिहिलेले पत्र आपोआप नोंदीत जाऊन बसते, आज्ञावली सांभाळणाऱ्याला मिळते आणि एका मेलिंग लिस्टवरही जाते. म्हणजे चर्चा हीच नोंद. तक्रार बंद करायची तरी पत्रच लिहावे लागते, आणि ते तक्रारदाराच्या हाती पडते. पण याही वहीत एक खोट वर्षानुवर्षे राहिली. मधली पत्रे तक्रारदाराला आपोआप जात नसत. ज्याला दुखते आहे त्यालाच वगळून वैद्यांची बैठक चालावी, तसा हा प्रकार!

मोझिला प्रकल्पात टेरी वाइसमन यांनी १९९८ मध्ये बगझिला रचले. तेथे तीव्रता, विभाग, जबाबदार व्यक्ती असे रकाने असतात. मोजदाद करायला ही सोय उत्तम आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. डेबियनच्या पत्रांच्या ढिगातून तीच माहिती काढणे कष्टाचे असते. परंतु बगझिलाची पत्रे मुळात सूचनावजा असतात : अमुक रकाना बदलला. अशी पन्नास पत्रे आली की माणूस वाचणे सोडतो. हे जोडणे नव्हे, नुसती दवंडी आहे.

लिनक्सचा अनुभव सर्वांत बोलका आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या या प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, काम पत्रांवरच चालत आले. २००२ मध्ये त्यासाठी बगझिलाची वही उघडण्यात आली, पण अनेक विभागांचे जबाबदार लोक तिच्याकडे फिरकतच नसत. तक्रारदार बिचारे वाट पाहत राहत. अखेर २०२१ मध्ये थॉर्स्टन लीमहाउस यांनी रेग्झबॉट ही आज्ञावली आणली. पूर्वी नीट चालणारी गोष्ट बिघडली, की पत्रातच ठरावीक शब्दांची एक ओळ लिहायची. रेग्झबॉट ती टिपून स्वतःच्या वहीत नोंद करतो आणि पुढच्या पत्रांवर लक्ष ठेवतो. कॉन्स्टँटिन र्‍याबित्सेव यांचा २०२३ चा बगबॉट बगझिला आणि मेलिंग लिस्ट यांच्यात ने-आण करतो. आमचा कल पहिल्याकडे आहे. तो लोकांना जिना सोडायला सांगत नाही, जिन्यातच एक कारकून बसवतो.

हा आग्रह आम्ही धरतो त्याला एक जुनी घटना कारण आहे. पूर्वी आम्ही काम केले त्या एका प्रयोगशाळेत तापमान मोजणाऱ्या आज्ञावलीतला एक दोष वहीत ‘बंद’ म्हणून नोंदलेला होता. एका विद्यार्थिनीने त्यावर विसंबून चार महिने मोजमापे घेतली. आकडे दर दुपारी थोडे वर सरकत. तिने संवेदक बदलले, तारा बदलल्या, शेवटी स्वतःच्या हातावरच संशय घेतला. प्रबंधाचे एक प्रकरण बाजूला ठेवावे लागले. कारण नंतर सापडले ते निवृत्त सहकाऱ्याच्या जुन्या पत्रव्यवहारात : ‘दोष तसाच आहे, पण आपण फक्त सकाळी मोजतो, म्हणून बंद करावा.’